धाकटीचं होईपर्यंत

"एकीनं कबूल करा, दोघी सुटतील," विभागप्रमुख म्हणाले. "मूळ निबंध कुणाचा, एवढंच सांगा."

समोर तीन मुली बसल्या होत्या. तिघी एकाच देशातून इथल्या विद्यापीठात शिकायला आलेल्या, आणि तिघींच्या निबंधांत मुद्दे तेच, क्रम तोच, उदाहरणंसुद्धा तीच. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत वळणबाई होती.

हे नाव तिला प्राध्यापकांच्या खोलीतून मिळालं होतं. परदेशातून आलेल्या मुलांना इथल्या अभ्यासाचं वळण लावणं ही तिची नोकरी. सरांचं म्हणणं पटलं नाही तर ते कसं सांगायचं, दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचं नाव कुठे लिहायचं, वर्गात गप्प बसणं म्हणजे आदर नव्हे, असल्या गोष्टी. नोकरी एकेका वर्षाच्या करारावर, आणि जागा ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, फोटोकॉपीच्या यंत्राला खेटून. एखादं मूल जड जायला लागलं की ते तिच्याकडे धाडायचं आणि सुधारलं की श्रेय स्वतःकडे ठेवायचं, अशी इथली रीत.

"तुम्हीच समजवा यांना," विभागप्रमुख तिच्याकडे वळले. "नाहीतर तिघींवर शिस्तभंगाची कारवाई होईल. प्रवेश रद्द, व्हिसा रद्द, पुढच्या विमानानं घरी."

तिनं तिघींना व्हरांड्यात नेलं. त्या एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्या, पण तिनं मनात त्यांना थोरली, मधली, धाकटी अशीच नावं ठेवली होती. धाकटी सगळ्यांत आधी बोलली.

"ताई, मी घेते माझ्यावर. तशीही मीच कच्ची आहे."

"गप बस," थोरली म्हणाली. "तू एकटीनं केलंस का सगळं? मग काय म्हणून घेतेस?" मग ती वळणबाईकडे वळली. "ताई, आम्ही चोरलं नाही. तुमच्या टेबलावरच तर एकेका मुद्द्यावरून भांडलो. भांडण मिटलं की मग लिहिलं. आता त्यातलं माझं कुठलं आणि हिचं कुठलं, कसं सांगू?"

"अगं, पण एकेकटीनं करायचं होतं ना? मी घसा कोरडा करून सांगितलं होतं."

"लिहिलं एकेकटीनंच," मधली म्हणाली. "विचार तेवढा एकत्र केला. आमच्याकडे अवघड गोष्टीचा विचार कुणी एकट्यानं करत नाही. तसं केलं तर घरचे म्हणतात, हिला काय माणसं नाहीत?"

वळणबाईला हे खोडून काढता आलं असतं. तिचं कामच ते. एक खोटी कबुली दिली की दोघी वाचत होत्या, इतका सोपा व्यवहार. आणि त्या व्यवहाराचाच तिला भयंकर राग आला. इतकी वर्षं ती मुलांना सांगत आली होती, की इथं खरं बोललेलं चालतं. आज तिनंच धाकटीला खोटं बोलायला सांगायचं होतं.

ती आत गेली. मुली मागोमाग.

"सर, कबुली मी देते."

"तुम्ही?"

"हे सगळं माझ्या टेबलावर झालंय. दुपारभर भांडत होत्या, मी समोर बसून होते. वर चहा पाजला. लपवाछपवी असती तर माझ्यासमोर केली असती का?"

"आणि तुम्ही थांबवलं नाहीत?"

"मला वाटलं, मुली अभ्यास करतायत. अजूनही तसंच वाटतं. नियम मोडलाय, तर शून्य द्या. पण चोर म्हणू नका. यांना काही येत नाही असं वाटत असेल, तर लांब लांब बसवा आणि नवा प्रश्न घाला."

विभागप्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढच्या महिन्यात तुमचा करार संपतोय. लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

"ठीक. उद्या लेखी परीक्षा. तिघी पास झाल्या तर शून्यावर भागवू. एक जरी नापास झाली, तर तिघी घरी. विचार एकत्र करता ना? मग निकालही एकत्र."

तिनं नवऱ्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "लोकांच्या मुलांना जुळवून घ्यायला शिकवतेस, आणि स्वतः?"

"मला कोण शिकवणार?"

"माझी काय बिशाद." मग म्हणाला, "गेली नोकरी तर जाऊ दे. वळण लावायला घरी मी आहेच."

सकाळी कार्यालयातल्या कारकुनानं तिला जिन्यातच गाठलं. करार पुढे चालू ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. उरलेल्या दिवसांचा पगार मिळेल, पण टेबल दुपारपर्यंत रिकामं करायचं.

"माफी मागितलीत तर अजून होईल काहीतरी, बाई," तो हळूच म्हणाला. माणूस चांगला होता.

"कशाची?" ती म्हणाली आणि वर गेली.

परीक्षेच्या खोलीला काचेचं दार होतं. तिला आत जायला मनाई होती, म्हणून ती बाहेर उभी राहिली. तीन कोपऱ्यांत तीन मुली, मध्ये पर्यवेक्षक. थोरलीचं आधी झालं. तिनं पेपर दिला आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली. पर्यवेक्षकानं दाराकडे बोट दाखवलं. तिनं नम्रपणे नकारार्थी मान हलवली. थोड्या वेळानं मधलीनंही तेच केलं. पुढ्यात कागद नाही, हातात पेन नाही, नजर समोरच्या भिंतीवर.

विभागप्रमुख व्हरांड्यातून आले आणि काचेशी थांबले.

"या का बसल्यात? पेपर दिला ना?"

"दिला."

"मग बाहेर का येत नाहीत?"

"धाकटीचं व्हायचंय."

"तिला काही सांगतायत की काय?"

"तुम्हीच बघा ना."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. खूण नाही, खाकरणं नाही, काही नाही. "असं बसून राहता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"बसू नये असा नियम नाही, सर. काल सगळे वाचून काढले."

आत धाकटी अडली होती. ओठ चावत ती कागदाकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली. दोघी आपापल्या कोपऱ्यात तशाच बसल्या होत्या, तिच्याकडे न बघता. तिनं पान उलटलं आणि लिहू लागली. वळणबाईला त्या तिघींचा असा अभिमान वाटला, की तो लपवायचंही तिच्या मनात आलं नाही.

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "तुम्हाला खाली टेबल आवरायचंय ना?"

"आवरते," ती म्हणाली. "हिचं होऊ दे."

ते निघून गेले. वळणबाई काचेपाशी उभी राहिली.