कपाटाची पायरी

धाकटीला जुळी झाली त्या वर्षी ह्यांनी जेवण सोडलं.

वरच्या मजल्यावर दोन तोंडं भुकेने आकांत करायची आणि खाली एक तोंड मिटलं होतं, ते काही केल्या उघडत नव्हतं. धाकटी एकीला पाजून होईपर्यंत दुसरा टाहो फोडायचा. सवड मिळाली की ती खाली यायची, ती केस न विंचरता, पदराला दुधाचे डाग तसेच घेऊन. जावई बस चालवायचे. कामावर जाताना आणि येताना ते दारातून डोकावत आणि बाबांनी काही घेतलं का विचारत. मी नाही म्हणून मान हलवायची, की ते बूट तसेच हातात धरून जरा वेळ उभे राहत.

ह्यांची आठवण त्याच्या आधीच गेली होती. एकदम नाही गेली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग गोळ्यांची वेळ, मग न्हाणीघर कुठल्या बाजूला ते, आणि मग मी. एका सकाळी मला म्हणाले, "बाई, तुम्ही बसा ना, उभ्या का?" जन्मभर मला अगंतुगं करणारा माणूस. मी बसले.

हे गाड्यांच्या लाकडी बॉड्या बांधणारे सुतार. त्या कामाचे दिवस संपत आले तेव्हा कुणीतरी मोडीत काढलेली एक जुनी गाडी ह्यांनी उचलून आणली. पुढचं नाक पत्र्याचं, मागचं सगळं अंग लाकडाचं, आणि ते लाकूड भुशासारखं झालेलं. ह्यांनी ते सगळं खरवडून नव्याने बांधलं. फिकट रंगाचे उभे-आडवे खांब, त्यांच्यामध्ये गडद फळ्या, वर सामानाची जाळी. घासायचं आणि वार्निश मारायचं काम माझं. आमच्या रस्त्यावरची माणसं तिला कपाट म्हणायची. आम्ही निघालो की कोपऱ्यावरचा न्हावी ओरडायचा, "कपाट निघालं हो, बाजूला व्हा." हे त्याला खिडकीतून सांगायचे की जागा आहे, तू पण ये, हँगरला टांगतो.

ती गाडी पुढे पुन्हा किडली. ह्यांचे हात कापायला लागले होते, खांब बदलणं झालं नाही. एक दिवस भंगारवाला आला आणि ओढून घेऊन गेला. हे त्या वेळी घरात पाठ करून बसले होते.

जेवण सोडलं तेव्हा पहिले काही दिवस कारण कळलं नाही. वाटलं, दात असेल, घसा असेल. मग एकदा मऊ भाताचा चमचा ओठांशी नेला तर माझा हात हलकेच बाजूला करून म्हणाले, "आमची ही गाडीत बसलीय. तिला तिथे ठेवून मी कसा जेवू?"

मी म्हटलं, अहो, मीच ती. त्यांनी माझ्याकडे अवघडून पाहिलं. परक्या बाईने नको ती सलगी दाखवावी तसं. मग धाकटीला जवळ बोलावून हळूच सांगितलं की ह्या बाई मनाने फार चांगल्या आहेत, पण डोक्यात थोडा बिघाड दिसतो, त्यांना दुखवू नकोस. धाकटी हसली, आणि हसता हसताच स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता.

हॉस्पिटलात नेलं तेव्हा नाकातून नळी घातली. ह्यांनी ती उपसून काढली. पुन्हा घातली आणि दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या दांड्यांना बांधली. मी उशाशी बसले होते. बांधलेल्या हाताचा अंगठा त्या दांडीवरून मागेपुढे फिरत होता. रंधा मारून झाल्यावर कड गुळगुळीत झाली का ते हे असंच बघायचे. सांगून, भांडून, सही करून मी त्यांना घरी आणलं. डॉक्टर वाईट नव्हते. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी घरी येऊन बघतो. तोवर तोंडाने खायला लागले तर ठीक, नाहीतर नळी. "आणि आजी, हात बांधल्याशिवाय ती नळी राहायची नाही. तुम्ही पाहिलंत."

घरी येताना टॅक्सीत हे दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून न्याहाळत होते. मान दुखेपर्यंत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की समजावण्यात काही अर्थ नाही, गाडीच घरी आली पाहिजे. जावयांनी डेपोत विचारलं, गॅरेजं पालथी घातली. तसली गाडी कुठे असणार? हात हलवत परत आले आणि म्हणाले, "आई, आता कपाट पाहिजे तर तुम्हालाच बांधावं लागेल." गमतीने म्हणाले. मी हसले नाही, तसा त्यांचा चेहरा बदलला.

मागच्या खोलीत ह्यांची हत्यारं होती. छोटी करवत, पटाशा, सरसाचं भांडं. फोटो एकच होता, ह्यांनीच काढलेला: गाडी बाजूने, आणि पुढच्या खिडकीत माझं डोकं. मोजमाप कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मग मी स्वतःलाच माप केलं. मी म्हणजे एक वीत, असं धरलं. आत बसले की खिडकीची कड माझ्या कोपराला लागायची, टप डोक्यापासून मूठभर वर, पाय लांब केले की पुढच्या पत्र्याला टेकायचे. ते सगळं त्या वितीच्या हिशेबाने लहान करत गेले. आतून ती गाडी मला जितकी पाठ होती तितकी कुणालाच नव्हती.

त्याच गाडीच्या दाराची एक फळी ह्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती. आधी तीच चिरली. वाटलं, खरं लाकूड आहे, बघताक्षणी ओळखतील. पट्ट्या कापून चौकट उभी केली. एवढ्याशा गाडीवर त्या लाकडाच्या रेषा दोरखंडाएवढ्या दिसत होत्या. गाडी कसली, फळांची पेटी झाली होती. दोन दिवस वाया गेले. इकडे ह्यांची पँट कमरेवर राहीना, मी तिला नाडी ओवली. दूध चमच्याने ओठांत सोडलं की अर्धं हनुवटीवरून खाली यायचं, उरलेल्या अर्ध्यावर जीव तगून होता.

बारीक रेषेचं लाकूड हवं होतं. जावयांनी दप्तरं-वह्यांच्या दुकानातून शाळेच्या जुन्या लाकडी फूटपट्ट्या आणल्या, दुकानदाराकडे पडून राहिलेल्या. आकडे घासून काढले तर आतलं लाकूड लोण्यासारखं निघालं. त्याचे खांब केले. मधल्या फळ्यांना चहाच्या पाण्याचे हात दिले, त्या गडद झाल्या. शिकंजे मोठे पडत होते म्हणून कपड्यांचे चिमटे लावून जोड सुकवले. दोरीवर बाळांच्या लंगोट्या वाऱ्याने उडायला लागल्या, धाकटी ओरडली. काचांना शर्टाच्या खोक्यावरचं प्लॅस्टिक. चाकं जावयांनी आणलेल्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरची काढली. जुळ्यांची पहिली भेट आजीनेच मोडून खाल्ली, असं ते म्हणाले. नंबरपाटी मी लिहिली. अक्षरं उतारवयात शिकले, त्यामुळे आकडे थोडे एकमेकांवर कलले.

पुढच्या दाराखाली फोटोत एक लाकडी घडी दिसत होती. ती पायरी. मी बुटकी, गाडी उंच. माझ्यासाठी ह्यांनी बिजागरीची पायरी बसवली होती. फोटोत ती वर दुमडलेली होती, तशीच दुमडलेली करून मी सरसाने चिकटवून टाकली. एवढी बारीक बिजागरी आणायची कुठून? आणि तिच्यावाचून काय अडणार होतं?

रविवारी सकाळी वार्निश सुकलं. गाडी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली, ह्यांना खुर्चीत बसवलं. मी टेबलाच्या पलीकडे भाताची वाटी घेऊन उभी राहिले.

ह्यांनी आधी नुसतं पाहिलं. मग हात उचलला. अंगठा टपावरून, मग मागच्या खांबावरून, कडेकडेने फिरला. एका जोडाशी थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. तोंडावर असं काही आलं की धाकटीने माझा दंड धरला. हे वाकले. खिडकीतून आत बघायला लागले. मग नजर खाली गेली, दाराखाली.

"पायरी वर आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, फोटोत तशीच होती.

"वर आहे म्हणजे ती आतच आहे."

त्यांनी पायरीच्या कडेला नख घातलं. ती हलली नाही. पुन्हा घातलं. मग दोन्ही हातांनी गाडी धरून ओढायला लागले. नख उलटलं, फिकट खांबाला रक्त लागलं. "उतरता येत नाही तिला," असं एकसारखं म्हणत होते, आणि रडत होते. आईबाप गेले तेव्हाही ह्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं. जावयांनी मागून धरलं. एवढ्या वाळलेल्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. भाताची वाटी माझ्या हातात तशीच होती, आणि मी गाडी आणून त्यांचं दुःख होतं त्याच्या दुप्पट केलं होतं.

त्यांना निजवल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन बसले आणि मनाने गाडीत बसून आठवायला लागले. दार मी आतून उघडायची. मग हे दिसायचे, हात पुढे केलेले. मी हात धरायची आणि उतरायची. पाय टेकायला काहीतरी असायचंच. ते कोण खाली करतं, कोण वर करतं, हे मी कधी पाहिलंच नाही, कारण ते बाहेरून व्हायचं. मी चढले की हे वाकून पायरी वर करायचे. गाडी थांबली की आपलं दार उघडून, गाडीच्या नाकासमोरून वळसा घालून येऊन वाकून खाली करायचे. इतकी वर्षं, प्रत्येक वेळी. मी आतली. मला फक्त त्यांचा हात माहीत होता.

ब्लेडने पायरी सोडवली. वार्निशावर ओरखडे गेले, जाऊ दिले. धाकटी ह्यांचा जुना चष्मा घेऊन आली, काडी मिटते-उघडते ती दाखवली. "आई, ही चालेल?" चष्म्याची बिजागरी करवतीने कापली, सुया तोडून त्यांचे खिळे केले. पहिल्या खिळ्याला पायरीच चिरली. फूटपट्टीचा शेवटचा तुकडा उरला होता, त्याची दुसरी केली. तो चिरला असता तर पुढे काय, याचा विचार मी केला नाही. जावयांनी चिमट्याने धरलं, मी ठोकलं. वर एक जुळं रडत होतं आणि कुणीही उठलं नाही.

ऊन कलता कलता ह्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. पायरी वर करून ठेवली होती. ह्यांनी बोटाला बांधलेली चिंधी पाहिली, गाडी पाहिली, ओळखायला जरा वेळ लागला. मग वाकून, बोटाच्या टोकाने, पायरी खाली केली. ती खटकन बसली. दाराकडे त्यांनी बघितलंही नाही. दार आतून उघडायचं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला, तळवा वर, गाडीच्या बाजूला, रिकाम्या हवेत. आणि थांबले.

मी पलीकडे उभी. वाटी हातात.

"आई, जा ना," धाकटी म्हणाली. "तुझाच हात मागतायत."

टेबलाला वळसा घालून मी त्या बाजूला गेले आणि त्यांच्या तळव्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. नजर पायरीवरच होती.

"सावकाश. गुडघा सांभाळ," ते म्हणाले. आणि मग, "उतरलीस?"

"उतरले," मी म्हटलं.

"चल मग. भूक लागलीय."

अर्धी वाटी भात गेला. प्रत्येक घासाला मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटच्या घासानंतर ह्यांनी तोंड पुसलं, माझ्याकडे वळले आणि अदबीने विचारलं, "बाई, तुमचं जेवण झालं का?"

मी म्हटलं, झालं.

डॉक्टर सोमवारी आले, वजन करून गेले, नळीचं काही बोलले नाहीत. त्यानंतर दर जेवणाला मला गाडीतून उतरावं लागायचं. जेवण झालं की मी पायरी वर करून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी ह्यांना खाली करता येईल. धाकटी म्हणायची, आई, इतक्या वेळा उतरतेस, चढताना तर कुणी पाहिलं नाही. दिवसातला तेवढाच वेळ मला त्यांच्याकडून अगंतुगं मिळायचं, हात धरल्यापासून पहिल्या घासापर्यंत. बाकी वेळ मी बाईच.

पण घास कमी होत गेले. आधी अर्धी वाटी, मग पाव, मग चमचे. बोटात पायरी खाली करण्याएवढंही बळ उरलं नाही, तेव्हा मी त्यांचं बोट धरून ती खाली करायला लागले. पुढे हातही मीच उचलून पुढे करायची आणि त्यात माझा हात ठेवायची. "उतरलीस?" हे ते विचारत नव्हते. मी तरी आपली म्हणायची, उतरले.

शेवटच्या दिवशी भात चुलीवरच होता. गाडी टेबलावर होती आणि पायरी वर होती, आदल्या जेवणानंतर मीच करून ठेवलेली. ती मी अजून खाली केलेली नाही.

धाकटीची जुळी भिंत धरून चालायला लागली त्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, जेवणाआधी, माझे यजमान वारले.