ताईच्या चाफ्याला आलेला बहर

ताईच्या फाटकाशी सकाळपासून रांग लागली होती. नऊ वर्षं ढिम्म उभा असलेला तिचा सोनचाफा, फुलबाबा नावाच्या बुवाचा हात लागल्यावर, तीन महिन्यांत पिवळाधमक बहरला. वास कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जात होता. बाबा खुर्चीत रेलून सांगत होता, "माउलीच्या अंगात औषधांचं विष साठलं होतं. ते या झाडाने ओढून घेतलं, आता फुलांतून बाहेर टाकतंय!" विष इतकं सुगंधी कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

माउली म्हणजे ताई, माझी थोरली बहीण. तिला फिट यायची. रोज दोन गोळ्या घेत असल्यामुळे कित्येक वर्षं एकदाही आली नव्हती. बाबाने गोळ्या बंद करायला लावल्या आणि काल ती फिट येऊन ओट्यापाशी कोसळली. कपाळाला चार टाके पडले.

"जाता जाता दुखण्याने शेवटचा हात दाखवला म्हणे," भाऊजी म्हणाले. मला रडावं की त्यांना हलवावं, कळेना.

मी रोपवाटिकेत कलमं बांधतो. ताईने चाफा मागितला तेव्हा चांगली कलमं गिऱ्हाइकांसाठी ठेवली आणि उरलेलं बियांचं रोप तिच्या गळ्यात मारलं. कलम एक-दोन वर्षांत फुलतं, बियांचं झाड आठ-दहा वर्षं ताटकळत ठेवतं. हे तिला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

खोडाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. ते सोडलं तर बहर जळेल, असा बाबाचा दम होता. मी कात्री काढली आणि सगळ्यांदेखत ते कापलं. आत चार बोटं रुंद साल गोल सोलून काढलेली होती.

"हा बघा चमत्कार!" मी ओरडलो. "पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. साल काढली की ते वरच साठतं, म्हणून एवढी फुलं. आणि खाली मुळं उपाशी मरतात. आम्ही हे कधी एखाद्या फांदीवर करतो, खोडावर नाही. आता हे झाड वाळणार!"

सगळ्या माना सोललेल्या खोडाकडे वळल्या. मला वाटलं, जिंकलो.

बाबाने डोळे मिटले. "वाळणारच. माउलीचं मरण त्याने स्वतःवर घेतलंय."

रांगेत हुंदके फुटले. कुणीतरी माझ्या हातून कात्री काढून घेतली. मी ताईचे पाय धरले. "ताई, गोळ्या घे गं. चूक माझी आहे. चांगलं कलम दुसऱ्याला विकलं, तुला टाकाऊ रोप दिलं. म्हणून नऊ वर्षं फूल आलं नाही!"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "माझ्यासाठी किती खोटं बोलशील रे?"

झाड वाळलं. ताईला आणखी दोनदा फिट आली. मी रोज गोळ्या घेऊन जातो, ती रोज प्रेमाने परत करते. वाचणाऱ्यांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, पण तुमच्या घरात कुणी औषध थांबवत असेल तर ते सुरू करणाऱ्या डॉक्टरला आधी विचारा. फुलं खरी असतात, वासही खरा असतो. ती का आली, एवढं तरी बघत जा.