अध्यक्षांच्या पाइपातलं शून्य

पाण्याची आमची पाळी सकाळीच लागली होती आणि पाइपाच्या तोंडातून पाणी असं येत होतं, की माझ्या तान्ह्या लेकाच्या तोंडातून त्याहून जास्त लाळ गळते. कोबीचे गड्डे नुकते कुठे वळायला लागलेले. माती वरून पांढरी पडलेली, बोट खुपसलं तर आत भुकटी. आणखी काही दिवस असेच गेले असते, तर गड्डे धरलेच नसते आणि आमची सगळी मेहनत शेळ्यांनी चघळली असती.

सासूबाई खोरं टाकून थेट वरच्या बांधावर गेल्या. लेकाला कडेवर घेऊन मीही मागोमाग. वरचं रान माझ्या चुलत सासऱ्यांचं. टाकीतून निघालेला पाइप आधी त्यांच्या रानातून जातो, मग इतरांच्या, आणि उरलंसुरलं पाणी आमच्याकडे येतं. पाणी समितीचे अध्यक्षही तेच. अख्खं गाव त्यांना अध्यक्ष म्हणतं, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकूसुद्धा.

"भाऊजी, पाळी आमची आहे. तुमचा व्हॉल्व्ह बंद आहे ना?"

"म्हणजे काय वहिनी. मी अध्यक्ष आहे."

हे उत्तर झालं असं त्यांना वाटलं. त्यांच्या पाठीमागे मका असा तरारलेला, की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. पाइपातून त्यांच्या रानात जो फाटा फुटतो, त्याचा व्हॉल्व्ह पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली त्यांच्या कंबरेला. पेटी उघडा म्हणायचं म्हणजे अध्यक्षांना चोर म्हणायचं, आणि तसं आमच्या गावात कोणी म्हणत नाही. ते फक्त सगळ्यांना माहीत असतं.

मग त्यांनी आम्हाला शेती समजावली. टाकीतूनच प्रेशर कमी येतंय, त्यात आमची जमीन हावरी, कितीही दिलं तरी पिऊन टाकते. सासूबाई म्हणाल्या, जमीन हावरी आहे खरी, पण कोणती ते बघायला हवं.

बघायचं कसं, इथेच घोडं अडलेलं. पाइपातलं प्रेशर मोजायला पाइपाला भोक पाडून काट्याचं मीटर बसवतात. फिटरने मागे एकदा तसं केलं, तर पाइप उभा चिरला आणि पाणी अध्यक्षांच्या चाऱ्याच्या कोठारात शिरलं. त्याच दिवशी ठराव झाला, जो पाइपाला भोक पाडेल त्याचं पाणी कायमचं तुटेल. तेव्हापासून गाव प्रेशर अंदाजाने मोजतं. कोणी पाइपावर तळवा ठेवतं, कोणी गाल. अध्यक्ष कान लावतात. एरवी त्यांना काकूंची तिसरी हाकही ऐकू जात नाही, पण पाइपातलं सगळं ऐकू येतं.

शेवटी सासूबाई पाणी खात्यात जाऊन बसल्या. रोज गेल्या. त्यांचा कंटाळा येऊन खात्याने एक बाई पाठवली. माझ्याच वयाची, पाठीवर पिशवी, पिशवीत दोन चिमटे.

तिने पाइपाभोवती चिमटा कसला तेव्हा सगळी समिती गोळा झाली होती. तिने सांगितलं, पाणी जोरात असलं की पाइप फुगतो. केसाहूनही कमी, डोळ्याला दिसणार नाही इतका. चिमट्याला ते फुगणं कळतं आणि त्याला जोडलेल्या डब्यावर आकडा दिसतो. भोक नाही, चीर नाही, काही नाही.

समितीने माना हलवल्या. कोणालाच काही कळलं नव्हतं हे मानांवरूनच दिसत होतं. सासूबाईंनी लेकाला माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या टाळूवर हलकेच बोटं टेकवली.

"हे असंच ना गं? पोट भरलेलं असलं, अंगात पाणी असलं, की टाळू नीट असते. पोराला जुलाब झाले की खाली जाते. आत काय चाललंय ते वरून कळतं."

"अगदी असंच, आजी," ती म्हणाली. "फक्त टाळू मोकळी पाहिजे. चिमट्यावर काही दाबून ठेवू नका, नाहीतर त्याला काही कळणार नाही."

लेक तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसला. सभेत नीट ऐकणारा तो एकटाच असावा.

एक चिमटा अध्यक्षांच्या व्हॉल्व्हच्या वरच्या अंगाला लागला, दुसरा आमच्या टोकाला. पाइप रिकामा करून तिने दोन्ही शून्यावर आणले. हिशेब सोपा होता. आमच्या पाळीला वर आकडा मोठा आणि खाली लहान दिसला, तर पाणी वाटेत कोणीतरी पितंय. तसं निघालं तर पेटीचं कुलूप समिती काढणार, असं तिच्यासमोर ठरलं. ती पुढच्या आठवड्यात येते म्हणून गेली.

आता आमच्या गावाची एक रीत आहे. कशालाही मान द्यायचा झाला, की त्याच्याभोवती सिमेंट ओतायचं. हापशाला चौथरा, वडाला पार, शाळेच्या घंटेच्या खांबाला चौथरा. मग सरकारी यंत्र तसंच उघड्यावर ठेवायचं? शेळ्या चावतील, पोरं छेडतील. अध्यक्षांनी स्वतः उभं राहून पाइप आणि चिमटा दोन्ही सिमेंटात गाडले, आकड्याचा डबा तेवढा वर ठेवला. वर फरशी बसवली. फरशीवर स्वतःचं नाव घातलं. आमच्या चिमट्याला कोणी मान दिला नाही, म्हणून तो वाचला.

बाई परत आली तेव्हा पाळी आमचीच होती. आमच्या डब्यावर बारीकसा आकडा होता. अध्यक्षांच्या डब्यावर शून्य. तिने चौथरा बघितला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, पाइपाला फुगायलाच जागा ठेवली नाहीत तुम्ही, हे शून्य खरं नाही, आधी हे फोडा.

अध्यक्ष फरशीकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जसा परीक्षेत शेजाऱ्याचा कागद दिसल्यावर पोराच्या चेहऱ्यावर पडतो.

सरकारी यंत्र खोटं बोलत नाही, ते म्हणाले. बघा मंडळी, माझ्याकडे प्रेशर शून्य. वहिनींना थोडं तरी आहे, मला काहीच नाही. एवढे दिवस मी मुकाट सोसलं. अध्यक्ष माणूस, तक्रार कुठे करणार. समितीतले दोघे तिघे खरोखरच हळहळले. मागे मका वाऱ्यावर सळसळत होता, तेवढाच काय तो विरोध.

बाई पुन्हा समजवायला लागली, पण शून्य सगळ्यांना वाचता येत होतं आणि तिचं बोलणं लांब होतं. कोबी गेला, असं वाटलं. मी सासूबाईंकडे बघितलं, तर त्या पदराने डोळे टिपत होत्या. कोरडे डोळे.

"भाऊजी, मला माहीतच नव्हतं. काय काय बोलले मी तुम्हाला." मग त्या फिटरकडे वळल्या. "अरे, यांच्या फाट्यात थेंबही जात नाही, तर तो उघडा कशाला ठेवायचा? किडामुंगी शिरेल. बूच मार त्याला पक्कं. पेटी उघडायलाही नको, पुढे रानात फाट्याचं तोंड आहे तिथेच मार. शून्य बंद केल्याने भाऊजींचं काय जाणार आहे?"

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. ते काहीतरी बोलायला गेले, पण जे काही बोलले असते त्यातून पाणी गळलं असतं. फिटरने मक्यात शिरून बूच आवळलं. चांगलं दोन हातांनी आवळलं, त्याचं स्वतःचं रानही आमच्या शेजारीच आहे.

आमच्या बांधावर पोचेपर्यंत पाइप खोकायला लागला होता. आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग असा लोट, की सरीचं तोंड फुटलं आणि मी लेकासकट मागे सरले. बाईने डब्याकडे बोट दाखवलं. आकडा चढत होता. तिच्याशिवाय तो कोणी बघितला नाही. सासूबाई गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून खोऱ्याने वाट काढत होत्या आणि पाण्यालाच शिव्या देत होत्या, इतके दिवस कुठे होतास मेल्या म्हणून.

पुढच्या पाळीला अध्यक्ष आमच्या बांधावर आले. मका माना टाकायला लागला होता.

"वहिनी, माझ्याकडचं प्रेशर जरा वाढलंय असं वाटतं. बूच काढायला हरकत नसावी."

"काढू की," सासूबाई म्हणाल्या. "फक्त चार माणसांत सांगा, वाढलं कुठून ते."

अध्यक्षांनी कंबरेची किल्ली चाचपली, मग सोडून दिली, मग काढून सासूबाईंपुढे धरली.

सासूबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. म्हणाल्या, "आमची पाळी संध्याकाळी संपेल. मग मी स्वतः येऊन बूच काढायला लावते. तोवर बसा, इथे सावली आहे."

अध्यक्ष बसले. मी लेकाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि सरीत उतरले.