अंगठ्याचा घट्टा

"अक्का, पाय का ओढत आहात?" हाताखालच्या दिव्यश्रीनं विचारलं.

"तू नारळ खोव. माझे पाय काय बघतेस?" कनकाअक्का खेकसल्या.

पाय चांगलाच ठणकत होता. चाळीस वर्षं चेन्नईतल्या घराघरांतून श्राद्धाचा स्वयंपाक केला, तोही मडीनं, म्हणजे कडक सोवळ्यात, अनवाणी, ओल्या फरशीवर. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा घट्टा पडला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रक्तात साखर आहे, स्वतः कापू नका, घरातही मऊ चप्पल घाला. अक्कांनी मान डोलावली आणि काल घरी येऊन ब्लेडनं घट्टा तासला. अतिशहाणपण, दुसरं काय!

आज हरिप्रसादच्या घरी त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून रजा काढून पोरगा सकाळपासून उपाशी होता. आमटीला नुकती उकळी येत होती. बाकी सगळं व्हायचं होतं. अक्का वळल्या, तर फरशीवर लाल ठिपका. पुढे आणखी एक, थेट शेगडीपर्यंत.

कुणी पाहिलं नव्हतं. फडकं फिरवलं असतं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण रक्त आलं की मडी मोडली, शेगडीपासून उठायचं, हा कायदा अक्कांचाच. बोट कापलं म्हणून याच दिव्यश्रीला त्यांनी दोनदा बाहेर काढून रडवलं होतं.

"फरशी धू, ही आमटी ओतून दे. पहिल्यापासून तू कर," त्या म्हणाल्या.

"मी? एकटी? बिघडलं तर?"

"मग माझं शिकवणं बिघडलं म्हणायचं. लाग कामाला."

हरिप्रसादलाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मग मागच्या व्हरांड्यात जखम धुतली, पट्टी बांधली आणि पाय स्टुलावर ठेवून बसल्या. श्राद्धाच्या घरी त्या पहिल्यांदाच नुसत्या बसल्या होत्या. जीव आत अडकला होता, पण आतल्या पोरीला त्यांनी एक शब्द सांगितला नाही.

पंगत उठली. म्हातारे शेषाद्रीभटजी हात पुसत मागे आले. "कनका, चाळीस वर्षांत तुझ्या हाताची चव ढळली नाही बघ."

"हात माझा नव्हे. दिव्यश्रीचा," अक्का म्हणाल्या, साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात.

दिव्यश्रीनं पान आणून त्यांच्यापुढे मांडलं आणि बाजूला उभी राहिली. अक्का सावकाश जेवल्या. चांगलं झालंय, असं काही बोलल्या नाहीत. फक्त आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.