निळ्या फाईलमधला पत्ता

मी एक जुनी फाईल आहे. जाड पुठ्ठ्याची, निळी, पाठीवर बोट घालायला गोल भोक असलेली. मित्रांनो, माझी भावंडं तुमच्याही घरी असतील, कपाटावर बसून विजेची बिलं सांभाळत. माझ्या वाट्याला वेगळं काम आलं. एका विद्यापीठाच्या भाषा विभागात मी अठरा वर्षं आहे आणि एकाहत्तर विद्यार्थ्यांची परदेशाची तयारी माझ्यावरून झाली आहे.

कारखान्यात मला कापलं, दुमडलं आणि पोटात लोखंडी चाप बसवला. विभागाच्या कारकूनकाकांनी मला आणलं ते हजेरीपत्रकांसाठी. पण त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी परदेशातून परतली. त्या विभागाचा नियम असा, की तिसरं वर्ष शिकत असलेल्या भाषेच्या देशात काढायचं आणि परत आल्यावर तोंडी परीक्षा द्यायची. त्यात नापास झालं तर पदवी नाही. त्या मुलीने नऊ पानं लिहून काकांच्या हातात ठेवली.

"मी धक्के खाल्ले, पुढच्यांनी कशाला खायचे?" ती म्हणाली.

काकांनी ती पानं माझ्या चापात लावली. हजेरीपत्रकांना दुसरी फाईल मिळाली.

पानं कामाची होती. फोटो किती आणि कोणत्या मापाचे, कोणत्या दाखल्याला किती दिवस लागतात, कोणत्या खिडकीवरची बाई चिडते. शेवटच्या पानावर तिथल्या मोठ्या शहरातल्या एका घरमालकिणीचा पत्ता होता. पुढच्या वर्षीचे दोघे त्याच घरी राहिले आणि परतल्यावर त्यांनी भर घातली. कोणत्या खोलीची खिडकी घट्ट लागते, न्हाव्याला काय सांगायचं, ताप आला तर औषधवाल्याला कोणतं वाक्य म्हणायचं. वाक्यं तयार, उच्चारांसकट. दर वर्षी माझं पोट फुगत गेलं. "निळी आहे ना? मग सुटलो," असं मुलं म्हणायची. त्यांचे आईवडील मला मांडीवर घेऊन वाचत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग एका वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तिथे रोज काय करत होता, असं त्यांनी सहा जणांना विचारलं. सहाही जणांनी न्हावी आणि औषधवाला सांगितला, त्याच शब्दांत. पुढचा प्रश्न आला आणि सहाही गप्प.

"वर्षभर बोलत कुणाशी होता?" विभागप्रमुख मॅडमनी नंतर विचारलं.

"आपापसातच, मॅडम. सगळे एकाच घरात होतो."

चौघे नापास झाले. मॅडमनी मला स्टीलच्या कपाटात टाकलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. दोन वर्षं मी डांबरगोळ्यांच्या शेजारी काढली. त्या काळात एका मुलाचा अर्ज एका दाखल्यावाचून अडला आणि त्याचं वर्ष वाया गेलं. तेव्हा मॅडमनी मला मुकाट्याने बाहेर काढलं. "फक्त कागदांपुरती वापरा," त्या म्हणाल्या. पण पत्त्याचं पान कुणी काढलं नाही.

त्या वर्षी चौघी जाणार होत्या. त्यांतल्या एकीला सगळे पेन्सिल म्हणत. खोडता येतं म्हणून ती पेन्सिलीनेच लिहायची. लेखी परीक्षेत पहिली यायची. वर्गात मात्र प्रश्न कळला नाही तरी मान डोलवायची. शुक्रवारपर्यंत अर्जात राहायच्या ठिकाणाची पसंती भरून पालकांची सही घ्यायची होती. बाकी तिघींनी पत्त्यातलं शहर कधीच लिहून टाकलं होतं.

"चल गं आमच्याबरोबर," त्यांतली एक म्हणाली. "बोलायचं आम्ही बघू. तू नुसती मागे उभी राहा."

पेन्सिल मला घरी घेऊन गेली. तिचे बाबा शिंपी. त्यांनी कापायच्या टेबलावरचा खडू बाजूला सारून मला उघडलं आणि सगळी पानं वाचली.

"घर ओळखीचं आहे, मैत्रिणी आहेत. अजून काय पाहिजे?"

"म्हणूनच तिथे नको, बाबा. मी वर्षभर त्यांच्या मागेच उभी राहीन. मग परीक्षेत काय बोलू? यादीत एक छोटं गाव आहे, मला ते लिहायचंय. तिथे आपलं कुणी नाही."

"आणि काही अडलं तर?"

"विचारीन."

"तू? परवा बसमध्ये 'उतरायचंय' म्हणता आलं नाही, म्हणून दोन थांबे पुढे गेलीस."

"मग चालत मागे आलेच ना?"

बाबांना हसू आलं, पण त्यांनी सही केली नाही. "उद्या बसमध्ये थांबा मोठ्याने सांगून उतर. मग बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या पिशवीत होते, अर्ज माझ्या पोटात. बस खच्चून भरलेली. थांबा जवळ आला. "उतरायचंय," ती म्हणाली, पण ते मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. बस न थांबताच थांबा ओलांडू लागली. मग तिने जे ओरडून सांगितलं ते बसच्या टपावर ऐकू गेलं असेल.

"अगं बाई, बहिरा नाही मी," म्हणत ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

ती उतरली तर थांब्यावर बाबा उभे, खिशाला पेन लावून. त्यांनी मला आडवं धरलं, माझ्यावर अर्ज ठेवला आणि तिथेच सही केली. मग पेन तिच्या हातात दिलं. तिने छोट्या गावाचं नाव शाईने लिहिलं.

वर्षभराने तिची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. ती त्यांच्याच भाषेत म्हणाली, "कळलं नाही. पुन्हा विचारा, जरा सावकाश." मॅडमनी तेवढ्यावरच समोरच्या कागदावर तिचे गुण लिहिले आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. पुढचे प्रश्न त्यांनी नुसते ऐकले.

पेन्सिलने मला एकच पान दिलं. त्यावर दाखल्यांची नवी यादी आहे, पत्ता नाही. घरमालकिणीचं पान आणि तयार वाक्यांची सगळी पानं मॅडमनी त्याच दिवशी चापातून काढली.

मित्रांनो, आता मी सडपातळ आहे. माझा चाप गंजू देऊ नका, माझी पानं ओली होऊ देऊ नका आणि कुठला दाखला लागतो ते मला जरूर विचारा. न्हाव्याला काय सांगायचं, ते मात्र न्हाव्यासमोर बसल्यावर तुमचं तुम्हीच शोधा. केस काय, पुन्हा वाढतात.