नवंकोरं भग्न देऊळ

भग्न देवळात माझ्या मुलीचं लग्न होणार नाही, हे मी एस-बान लोकलमध्ये बसल्यापासून मुक्ताला ऐकवत होते. भंगलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो, आणि ही बया भंगलेल्या ग्रीक देवळात सप्तपदी चालणार. फ्रँकफर्टमध्ये धड छपराच्या जागा संपल्या होत्या का? समोर दत्ता फोनवर बातम्या वाचत होता. “अहो, तुम्ही तरी सांगा तिला,” मी म्हटलं. तो म्हणाला, “आधी बघू तर.”

माझा आणि दत्ताचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. तो शेजारच्या एश्बॉर्न गावात राहतो, मी फ्रँकफर्टला. तोंडातलं ‘अहो’ मात्र सुटलेलं नाही, आणि पुण्यात सासूबाईंना कुणी काही सांगितलेलं नाही. दर रविवारी मी मंगळसूत्र घालून त्यांना व्हिडिओ कॉल करते. दत्ता नेमका ‘बाहेर गेलेला’ असतो. नवरा गेल्याचं दुःख मी केव्हाच आवरलं. सासू जाईल ही धास्ती मात्र जात नाही. माझं मन मोकळं करायला दुसरं कुणी नाही.

गाडीतून उतरून बागेत पोहोचलो, तर तिथलं देऊळ झकास होतं. टेकाडावर चार खांब उभे, एक आडवा, छप्पर अर्धं, फटींतून गवत. माझा रागच विरघळला. खांबावर हात ठेवून मी म्हटलं, “काय काय सोसलं असेल बिचाऱ्याने.” मुक्ताने ते तिथल्या व्यवस्थापक बाईंना जर्मनमध्ये सांगितलं.

“काहीच नाही,” त्या म्हणाल्या. अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या एका सरदाराला ग्रीसला जाणं जमलं नाही, म्हणून त्याने हे बांधून घेतलं. असंच, मोडकं. आडवा खांब आडवाच बसवलेला. अधूनमधून डागडुजी होते, मोडकेपणा बिघडू नये म्हणून.

“आल्झो, म्हणजे आई, हे भंगलेलं नाहीच,” मुक्ता म्हणाली. “आतून एकदम धडधाकट. तुमच्या दोघांच्या बरोबर उलट.”

दत्ता उगाच खोकला. बाईंना मराठी येत नव्हतं, हे देवाचे उपकार.

“लग्नात तुम्ही जोडपं म्हणून शेजारी बसायचं नाटक मला नको,” मुक्ता पुढे म्हणाली. “आजी तिकीट काढायच्या आत तिला सांग. नाहीतर मी सांगते.”

आडव्या खांबावर बसून मी सासूबाईंना फोन लावला. दत्ता लांब जाऊन गवत न्याहाळत राहिला. “आई,” मी म्हटलं, “आम्ही वेगळे झालोय. दोन वर्षं झाली.”

“ठाऊक आहे,” सासूबाई म्हणाल्या. “अगं, आधी दर रविवारी त्याच्या कागाळ्या सांगायचीस. ओला टॉवेल पलंगावर टाकतो, दिवे चालू ठेवतो. मग एकदम एक अक्षर नाही. एवढा कुणाचा नवरा सुधारत नसतो.”

मला रडूच आलं. “मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तुझा फोन बंद झाला असता. मुलगा कुठे फोन करतो मला?”

थोडा वेळ दोघीही नाक ओढत होतो. मग त्यांनी विचारलं, “लग्न कुठे करताय?”

“एका मोडक्या ग्रीक देवळात.”

“चालेल,” त्या म्हणाल्या. “मोडलंय ते निदान उघड दिसतं. लपवाछपवी नाही.”

“हो ना,” मी म्हणाले, आणि त्या धडधाकट खांबावर जरा सावरून बसले.