न पाठवलेले गुण

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेचा. माझ्या बटणांवरचे आकडे पुसट झालेत आणि पाठीचं झाकण चिकटपट्टीच्या जिवावर टिकून आहे. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी आता थकलो आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा आलेख काढणारा म्हणून माझा काय तोरा होता! शाळेने मला मिस ओडेसांच्या कपाटात ठेवलं. मुलांना कॉलेजबद्दल सल्ला देणं हे त्यांचं काम. ज्याच्या घरी कॅल्क्युलेटर नसे, तो मला प्रवेश परीक्षेला घेऊन जाई. किती घामट हात सोसले! कुणी मला पाडलं, कुणी बटणांत चिप्सचा चुरा सांडला. पुसलं मात्र क्वचितच कुणी.

जॅनेल पेटवे पुसायची. तिची आई मासे साफ करण्याच्या कारखान्यात होती आणि पोरीला सर्जन व्हायचं होतं. उत्तरेकडचं एक मोठं कॉलेज गरीब मुलांचा सगळा खर्च उचलत असे, म्हणून तिने तिथेच जायचं ठरवलं. आम्ही दोघांनी परीक्षा दिली. सोळाशेपैकी चौदाशे दहा! आमच्या शाळेत इतके गुण कधी कुणाला मिळाले नव्हते. मी नुसता फुगून गेलो.

पण त्या कॉलेजने नवा नियम केला होता. गुण पाठवायचे की नाही, हे मुलांनीच ठरवायचं. शिकवणी न परवडणारी मुलंही यावीत, सगळ्या तऱ्हेची मुलं एकत्र शिकावीत, हा हेतू. हेतूला मी नावं ठेवत नाही.

मिस ओडेसांनी कॉलेजची माहिती वाचली आणि मान हलवली. "बाळा, तिथल्या पोरांचे गुण पंधराशेच्या वर असतात. तुझे बघून नाकं मुरडतील. सक्ती नाही ना? मग कशाला हसं करून घ्यायचं?"

"हो मॅडम," जॅनेल हळूच म्हणाली.

मार्चमध्ये नकार आला.

पुढच्या महिन्यात त्याच कॉलेजात प्रवेशाचं काम बघणाऱ्या एक बाई खालच्या वर्गातल्या मुलांना भेटायला आल्या. मिस ओडेसांनी जॅनेलचे गुण सांगताच त्या थबकल्या.

"अहो, मग पाठवले का नाहीत? आम्ही मुलांचे गुण त्यांच्या शाळेच्या मानाने बघतो. तुमच्या शाळेतून चौदाशे म्हणजे सोनं! गुण दिसले नाहीत, आम्हाला वाटलं, फारच कमी पडले असतील."

"आता काही होईल?"

"जागा भरल्या हो."

त्या गेल्यावर मिस ओडेसा कपाटाला टेकून रडल्या. "पोरीची लाज राखायला गेले मी," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, पाडू नका. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. घाम गाळून जे मिळवाल, ते परक्यांच्या मापाने मोजून स्वतःच लपवू नका.

जॅनेल आता सकाळी जवळच्या छोट्या कॉलेजात जाते आणि संध्याकाळी आईशेजारी मासे चिरते. तिच्या सुरीची सफाई बघून कारखान्यातल्या बाया कौतुक करतात. तेव्हा तिची आई तोंड फिरवते.